गौरम्माची पोटली आणि सरजाबाईचं बी

कंधारच्या बसस्टँडातून बाहेर पडलं की डाव्या हाताला एक आवाज येतो. "मटकीऽऽ बोला, मूगऽऽ बोला, हुलगेऽऽ बोलाऽ!" यातला शेवटचा 'बोला' असा काही वर चढतो, की नव्या माणसाला वाटावं, आता आपण काहीतरी बोललंच पाहिजे. एकदा नांदेडहून आलेले एक साहेब खरोखरच थांबले आणि टोपी काढून म्हणाले, "काय बोलू?" त्यांना पावशेर मटकी घेतल्यावरच पुढं जाता आलं.

हा आवाज गौरम्माचा. बाई ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, समोर ओल्या फडक्यानं झाकलेल्या टोपल्या. माहेर देगलूरच्याही पलीकडं, अगदी हद्दीवर. घरात तेलुगू, दारात मराठी. त्यामुळं तिचं वाक्य तेलंगणातून निघतं आणि कंधारला पोचतं. "अय्यो, चूडु ना बाई, कसे मोड हायेत, मोत्यावानी!" चूडु म्हणजे बघ. आता तालुक्यातल्या निम्म्या बायका घरी लेकरांना दटावतानाही "चूडु ना" म्हणतात, आणि तो शब्द आपला नाही हे त्यांना माहीतही नाही.

गौरम्माचं काम बघायला सोपं. संध्याकाळी मटकी निवडायची, धुवायची, पातेल्यात बुडवून ठेवायची. सकाळी उपसायची, फडक्यात घट्ट बांधायची, खुंटीला टांगायची. पण दिवसातून कैकदा ती त्या पोटलीपाशी जाते आणि तिला गाल लावते. लेकराला ताप आहे का बघावं, तशी. पोटली कोमट लागली की म्हणते, "जागं झालं." जागं झालेलं बी श्वास घेतं, आतलं पीठ साखर करून जाळतं आणि त्याची ऊब फडक्याबाहेर येते, एवढं लांबलचक तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिला ऊब कळत होती, तेवढं पुरत होतं.

यावरूनच एक रीत पडली. मे महिना सरत आला, रोहिणी निघाल्या, की आसपासचे शेतकरी आठवडी बाजाराला येताना रुमालात मूठभर बी बांधून आणायचे. मूग, उडीद, तूर, मटकी. "अक्का, उगवण बघ." गौरम्मा पैसे घ्यायची नाही. तिचा हिशेब ठरलेला: जे उगवलं ते तिचं, उसळीला, जे नाही उगवलं ते ज्याचं त्याला वापस. आणि निकालाचे शब्द तीनच. "मंचिदि" म्हणजे चांगलं, "मध्यम" आणि "गेलं". "गेलं" ती क्वचित म्हणायची, पण म्हटलं की त्यावर अपील नव्हतं. "गौरम्माचा हात लागला तर दगडाला मोड येतील," असं लोक म्हणत. मग तिच्याच हातात ज्याला मोड आला नाही, ते पेरणार कोण?

त्या वर्षी शेषेराव आले. हे कंधारच्या खालच्या अंगाच्या एका खेड्यातले शेतकरी, अंगानं किडकिडीत, आणि बोलण्याची तऱ्हा अशी की दुसऱ्याला बोलायचं कामच पडू नये. स्वतःच विचारायचं, स्वतःच सांगायचं.

"गौराक्का, मी इथं कशाला आलो? बी दाखवाया आलो. कशाचं बी? सोयाबीनचं. दरसाल कोण बघतं? सरजा बघती. यंदा सरजा कुठं हाय? लातूरला हाय. का? लेकीचं बाळंतपण."

"सोयाबीन?" गौरम्मानं रुमालाची गाठ सोडली. पिवळे, गोल, टपोरे दाणे. "ह्याची उसळ कोण खातंय?"

"खायचं हाय का? न्हाई. पेरायचं हाय."

खरं तर सगळा तालुका सोयाबीन पेरत होता, पण सोयाबीन गौरम्माच्या टोपलीत कधी आलं नव्हतं. जे खायचं नाही त्याला मोड कशाला आणायचे? ज्याचं त्याचं बी ज्याच्या त्याच्या घरी बघून होत होतं. शेषेरावांच्या घरी ते खातं त्यांच्या बायकोचं, सरजाबाईंचं. या बाईनं बियाण्याचं सोयाबीन कधी मळणीयंत्रात घालू दिलं नाही; काठीनं हलक्या हातानं बडवायचं. पोत्यावर पोतं ठेवायचं नाही. पोतं आपटायचं नाही. पोत्यावर बसायचं तर नाहीच नाही. एकदा शेषेराव नुसते टेकले होते, तर सरजाबाई म्हणाल्या होत्या, "उठा. तिथं झोपलंय कुणीतरी." त्यांच्या दोन्ही जावा त्यांच्याकडूनच बी न्यायच्या. त्या बियाण्यावर सरजाबाईंची इज्जत होती.

गौरम्मानं तिच्या सवयीनं निम्मे दाणे कोरडे रुमालातच ठेवून खुंटीला अडकवले, "उद्या कुणी भांडलं तर दाखवाया", आणि निम्मे तांब्याभर पाण्यात सोडले. मटकीच्या पातेल्याशेजारीच तांब्या ठेवला.

सकाळी मटकीचं पाणी होतं तसं नितळ. तांब्यातलं पाणी मात्र गढूळ, थेंबभर दूध पडल्यासारखं. दाणे फुगून लांबोडके झालेले, सालं सुटलेली. गौरम्माला जरा नवल वाटलं, पण तिनं ते उपसून बांधले. दुसऱ्या दिवशी पोटली सोडली तर बोटाला चिकट तार आली आणि वास असा, की शेजारचा चपलांचा दुकानदार म्हणाला, "अक्का, आज मटकी मेली का कोण मेलं?" तिनं पोटली पुन्हा बांधून गालाला लावली. पोटली थंड होती.

शेषेराव त्या दिवशी निकालाला आले. गौरम्मा म्हणाली, "गेलं."

"गेलं?" शेषेराव टोपलीशेजारीच उकिडवे बसले. "सगळं? सगळंच म्हणती. आता सरजाला कोण सांगंल? मलाच सांगावं लागंल." त्यांनी फोन लावला आणि हात लांब करून धरला. ते बरोबरच केलं, कारण लातूरहून जो आवाज आला तो रिक्षावाल्यांनीही ऐकला.

"काय मेलं? माझं बी मेलं? तुमचं डोस्कं मेलं! पोत्यावर बसलाव का? कुणी पोतं आपटलं का? खरं सांगा!"

"म्या बसलो का? न्हाई बसलो. कुणी आपटलं का? न्हाई. मग कोण म्हणलं? गौराक्का म्हणली."

पलीकडचा आवाज जरा खाली आला. "गौरम्मा म्हणली? द्या तिला."

गौरम्मानं ओला हात पदराला पुसून फोन घेतला. "सरजाक्का, पोटली थंड हाय वो."

फोनमधून, मागं कुठंतरी दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"थंड हाय?"

"हाय."

"मग ऱ्हाऊ द्या. घाला मोंढ्यावर. त्येल गाळायला जाईल, भेटंल त्या भावानं." आणि फोन ठेवला.

सरजाबाई भांडल्या असत्या तर गौरम्माला बरं वाटलं असतं. त्या भांडल्या नाहीत. शेषेरावांनी सांगितलं, परवा टेम्पो करतो, पोती मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, नेतो, आणि येताना दुकानातून पिशवीचं बी घेतो. मग धोतराचा सोगा झटकून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रियदर्शनी आली. ही गौरम्माच्या दिराची मुलगी. नांदेडला, विष्णुपुरीच्या पुढं विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकते. म्हणजे पेशीच्या आत काय शिजतं, काय जळतं, कोण कुणाला काय देतं-घेतं, याचं शास्त्र. पोरीला दोन आवाज आहेत. मैत्रिणींशी फोनवर बोलताना नांदेडचा, झरझर. आणि अभ्यासाचं निघालं की घसा साफ करून येणारा, बाईंच्या तासातला. त्या दुसऱ्या आवाजाची सुरुवात 'बेसिकली'नं होते.

तिला स्टँडवरून घरी आणलं काकांनी, गौरम्माच्या नवऱ्यानं. रामकिशन एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली, पण एसटी त्यांच्यातून उतरली नाही. "चला, प्रियदर्शनी आली! नांदेड, विष्णुपुरी, कंधार! हात धुवून घ्या, जेवायला गाडी लागलीय!"

जेवताना उसळ वाढता वाढता गौरम्मानं सगळी हकिगत सांगितली. प्रियदर्शनीचा घास हातातच राहिला.

"काकू, तू सोयाबीन पाण्यात घातलंस? पूर्ण बुडवून? रातभर?"

"मग काय वाळवून मोड आणू?"

"अगं, सोयाबीन बुडवायचं नसतं. बेसिकली..."

"बेसिकली तू भाकर खा." गौरम्मानं तिच्या ताटात जरा जोरातच भाकरी टाकली. "तुझ्या जन्माच्या आधीपासून मोड आणून राहिले मी. माझ्या हाताला शिकवायली?"

"टिकीट काढल्याशिवाय काकूला काही सांगू नको बाई," रामकिशन हळूच म्हणाले.

गौरम्मा भांडी घासायला बसली. राख लावून तांब्या घासता घासता तिचा हात मंदावला. तोच तो तांब्या. तिनं तो नाकापाशी नेला. आता नुसता राखेचा वास होता, पण कालचा पोटलीचा वास तिच्या नाकात बसलेला होता. कुजका म्हणून तिनं तो सोडून दिला होता, पण कुजक्याच्या खाली आणखी एक वास होता, आणि तो ओळखीचा होता. माहेरच्या वाटेवर सकाळी शिंदीच्या झाडाखाली मडकी उतरवायचे, तिथला.

"प्रियू," ती आतूनच म्हणाली, "त्या पोटलीला कल्लूचा वास होता गं. शिंदीचा."

प्रियदर्शनी उठून मोरीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. या वेळी घसा साफ केला नाही.

"काकू, बी जिवंत असतं पण झोपलेलं असतं. पाणी लागलं की जागं होतं आणि पहिलं काम काय, तर श्वास. त्याला हवा लागते. बुडवून ठेवलं की हवा मिळत नाही. मग पेशी हवेवाचून कसंबसं साखरेवर दिवस काढते, आणि मागं उरते दारू. ते जंतूही करतात, त्यामुळं त्या वासावरून मी काही ठरवणार नाही. पण पाणी गढूळ होतं म्हणालीस ना?"

"दुधावानी."

"ते आतलं बाहेर आलेलं. साखर, क्षार, सगळं. पेशीला भोवती एक पातळ पडदा असतो, तेलकट कणांचा. दोन रांगा, एकमेकाला चिकटून उभ्या. तोच सगळं आतलं आत धरतो. बी वाळलं की त्या रांगा विस्कटतात. पाणी हळूहळू आलं की पुन्हा जागेवर येतात. एकदम आलं की..."

"एकदम गाडी लागली की!" रामकिशन बाहेरून ओरडले. "खिडकीतनं रुमाल, दारात ढकलाढकली, आतले उतरेनात, बाहेरचे चढेनात..."

"गाडी कशाला?" गौरम्मानं तांब्या पालथा घातला. "टँकर म्हणा की. मेमधी टँकर आला, आन् बाया रांगेत उभ्या हायेत, तवर सगळ्यांच्या घागरी भरत्यात. पण वाळून बसलेल्या गल्लीत एकदम आला, तर रांग मोडती, घागरी फुटत्यात, आन् निम्मं पाणी नालीला." ती थांबली. मग सावकाश म्हणाली, "मटकीची रांग का मोडत न्हाई?"

"मटकीचं साल घट्ट. पाणी आत शिरायलाच वेळ लावतं. सोयाबीनचं साल कागदासारखं पातळ. आणि मे महिन्यात इतकं कोरडं झालेलं असतं, की जास्तच हावरं."

गौरम्मानं हात पुसले, खुंटीवरचा रुमाल काढला आणि कोरडे दाणे ताटलीत ओतले. त्या दाण्यांकडं ती अशी बघत बसली, जसं एखाद्या घरी आपण काल रडून आलो आणि आज कळावं, तो माणूस फक्त झोपला होता.

"ह्ये मेलंय का जित्तंय, सकाळपर्यंत कळंल का?"

उगवून बघायचं तर चार-सहा दिवस. टेम्पो सकाळचा. पण प्रियदर्शनीच्या पिशवीत एक तपकिरी बाटली होती. सुट्टीत घरच्या तुरीचे नमुने तपासायचे म्हणून तिनं सरांना विचारून आणलेली. आतली पूड पाण्यात विरघळली की पाणी पाण्यासारखंच दिसतं. पण जिवंत पेशी श्वास घेते तेव्हा तिच्या आत जी देवाणघेवाण चालते, तीत ही पूड सापडली की लाल होते. पेशी मेलेली असली तर देवाणघेवाण नाही, मग लालही नाही.

ओल्या गोणपाटात दाणे एकेक करून मांडले, गोणपाट दुमडून माठाच्या गारव्याला ठेवलं. नुसता ओलावा. रांगेत पाणी. "आता फोन कर शेषेरावमामांना," प्रियदर्शनी म्हणाली, "उद्या थांबा म्हणून."

गौरम्मानं फोन घेतला. नाव काढलं. मग फोन पदराखाली ठेवला. "आदी कळू दे तरी. उगी एकदा गेलं म्हणायचं, एकदा थांबा म्हणायचं. लोक काय म्हणतील?"

सकाळी गोणपाट उघडलं तेव्हा दाणे सारखे फुगले होते, साल सुटलेलं नव्हतं, वास ओल्या मातीचा. त्यातले निम्मे प्रियदर्शनीनं वाटीत घेतले, वर बाटलीतलं पाणी ओतलं. मग म्हणाली, "काकू, यातलेच दोन दाणे उकळत्या पाण्यात टाक. चांगले शिजव. तेही याच वाटीत ठेवू, खूण करून."

"ते कशाला?"

"कुणी म्हणेल रंग लावला म्हणून."

वाटी पातेल्याखाली अंधारात गेली. प्रयोगशाळेत या कामाला ऊबदार पेटी लागते. कंधारच्या मेमध्ये पत्र्याच्या खोलीलाच ती ऊब होती. रामकिशन दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आत पेशंट हाय, हॉर्न वाजवू नका."

गौरम्मा त्या दिवशी टोपली घेऊन गेली नाही. पातेलं उचलून बघायची, पुन्हा ठेवायची. दाणे पिवळे ते पिवळेच. "लाल का होईना?" "थांब जरा काकू." "आता?" "अगं झाकण ठेव, उजेड लागतो त्याला."

तेवढ्यात चपलांच्या दुकानातलं पोरगं सांगत आलं, "शेषेरावचा टेम्पो मोंढ्यावर लागला. हमालं आली."

गौरम्मा उभी राहिली. पातेलं उचललं. दाण्याच्या एका कडेला किंचित गुलाबी होतं, की तिच्या डोळ्यांनाच तसं वाटत होतं, सांगता येईना.

"काकू, अजून झालं नाही. मी आत्ता काहीच सांगू शकत नाही."

"नगं सांगू," गौरम्मा म्हणाली. डोक्यावर पदर घेतला आणि निघाली.

मोंढ्यावर आडत्याच्या दुकानापुढं टेम्पोचं फाळकं उघडं होतं. एका हमालानं पोत्याला हूक लावला होता. "हूक काढ!" गौरम्मानं लांबूनच अशी हाक दिली, की त्यातला 'काढ' तिच्या 'बोला'सारखाच वर चढला. हमालानं हूक काढला. ती धापा टाकत टेम्पोपाशी आली, फाळक्यावर हात टेकून चढली आणि पोत्यावर बसणार, तोच सरजाबाई आठवल्या. मग पोत्याला नुसता हात लावून उभी राहिली.

"शेषेरावभाऊ, उतरवू नका. माझं चुकलं असंल."

शेषेराव बघतच राहिले. आडत्या गादीवरून म्हणाला, "असंल का चुकलं?"

"ते अजून कळायचं हाय."

हशा पिकला. "परवा गेलं, आज आलं! बी हाय का पाव्हणा?" आडत्या म्हणाला. कुणी म्हणालं, "मोडवाल्या बाईचा शब्दच मोडला." कुणी म्हणालं, "उन्हानं झालं असंल, बसवा सावलीला." गौरम्माचं तोंड लाल झालं, पण ती खाली उतरली नाही.

"मी आता काय करू?" शेषेरावांनी विचारलं. आणि सगळ्यांना वाटलं उत्तर येईल. आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा शेषेराव स्वतःलाच प्रश्न विचारून गप्प बसले होते.

"थांबा," गौरम्मा म्हणाली. "मी सांगते काय झालं ते. मटकी समजून बुडवलं मी तुमचं बी. टँकर आला आन् रांग मोडली." आणि तिनं ती सगळी गल्ली, घागरी, नालीला गेलेलं पाणी, सगळं पोत्याला हात लावूनच सांगितलं. पेशी हा शब्द तिनं वापरला नाही, 'बियातली घरं' म्हणाली. हसणारे ऐकू लागले, कारण टँकरच्या रांगेत सगळेच उभे राहिलेले होते. "घरात माणसं जित्ती व्हती का न्हाई, ते प्रियू बघायली. ती येईपर्यंत थांबा. नसतील, तर हमाली मी देईन आन् उद्यापासून उगवण बघायची बंद करीन."

"पुढं सरका, पुढं सरका! दारात गर्दी करू नका!" हा आवाज कुणाला ओळखू येणार नाही? रामकिशन पुढं, मागं प्रियदर्शनी, दोन्ही हातांत वाटी, वर झाकण. तिनं वाटी फाळक्यावर ठेवली आणि झाकण काढलं.

दाणे लाल होते. रंगाचे ओघळ नाहीत, डाग नाहीत. कुंकवाच्या करंड्यात बोट घातल्यासारखे लाल. तिनं ब्लेडनं एक दाणा उभा चिरला. आतून दोन्ही डाळिंब्या लाल, आणि मधला तो इवलासा अंकुर तर आणखीच गडद.

"रंग लावलाय," आडत्या म्हणाला.

प्रियदर्शनीनं खूण केलेले दोन दाणे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. "हे त्याच वाटीत होते. काकूनं उकळून मारलेले. चिरा."

त्यानं चिरले. पांढरे, खव्यासारखे. आडत्यानं ते परत दिले आणि गादीवर जाऊन बसला.

"सगळं जिवंत नाही," प्रियदर्शनी म्हणाली, आणि आता तो बाईंच्या तासातला आवाज होता. "हे बघा, याचा अंकुरच पांढरा. हा नाही उगवणार. हा अर्धामुर्धा. पण बाकीचे चांगले आहेत. पेरा. जरा दाट पेरा."

गौरम्मानं वाटीत बोट घालून एक दाणा फिरवला. "मंचिदि," ती म्हणाली, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही.

शेषेरावांनी फोन लावला. यावेळी हात लांब धरायला विसरले आणि कान चोळत फोन गौरम्माकडं दिला.

"तू बुडवलं?" सरजाबाईंनी विचारलं.

"बुडवलं."

"मटकी समजलीस व्हय?"

"समजले."

"आन् लोकांत जाऊन सांगितलं?"

"मोंढ्यावर. सगळे हायेत हितं."

मग सरजाबाई म्हणाल्या, "बरं. त्यास्नी सांग, नात झाली. परवाच झाली. तुमच्या मेल्या बियापायी सांगायचंच ऱ्हायलं."

टेम्पो तसाच वापस गेला. पोती उतरवताना शेषेरावांनी हमालाला विचारलं म्हणे, "आपटायचं का? न्हाई आपटायचं. बसायचं का? न्हाई बसायचं."

गोणपाटात उरलेले निम्मे दाणे गौरम्मानं तसेच ठेवले. रोज पाणी शिंपडायची, गाल लावायची. त्याला कोंब फुटले, पांढरे, जाड, एका अंगाला वाकलेले. तेव्हा तिनं ते गोणपाट नेऊन टोपल्यांच्या मधोमध उघडून ठेवलं. गिऱ्हाइकं विचारू लागली, "अक्का, हे कसं दिलं?"

"इकायला न्हाई."

"मग?"

"दाखवायला हाय. बी सरजाबाईचं हाय, चूक माझी हाय." आणि मागोमाग, श्वासही न घेता, "मटकीऽऽ बोला!"

चपलांचा दुकानदार म्हणायचा, अशानं धंदा बसंल. बसला नाही. उगवण बघायला येणारेही थांबले नाहीत. फक्त रुमाल सोडायच्या आधी गौरम्मा विचारू लागली, "ह्ये पाणी कसं पितं?" आणि ज्याला ठाऊक नसेल त्याचे चार दाणे आधी ओल्या फडक्यात, चार बुडवून, शेजारी शेजारी ठेवू लागली.

एका सकाळी लातूरची गाडी अहमदपूरमार्गे येऊन स्टँडात लागली. तिच्यातून एक उंच, काळ्यासावळ्या बाई उतरल्या, हातात बाळंतविडा देऊन रिकामी झालेली पिशवी. सरळ गौरम्माच्या टोपल्यांपुढं येऊन उभ्या राहिल्या. गौरम्मानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी गोणपाटाचं टोक ज्या हलक्या हातानं उचललं, त्यावरून तिला कळलं. तिचा 'बोला' तोंडातच राहिला.

सरजाबाईंनी कोंब पाहिले. एक वेगळा झालेला दाणा उचलून शेजारच्यांत नीट बसवला.

मग गोणपाटाचं टोक त्यावर ओढलं आणि म्हणाल्या, "झाकून ठेव. ऊन लागंल."